साधोबांची झडती

थोरल्या माडावरच्या सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांत अंड्यांपेक्षा पाकळ्या जास्त झाल्या होत्या. विणीच्या दिवसांत नरांची डोकी पिवळीधमक होतात, तशीच घरंही पिवळी हवीत, असा शेंड्यावरच्या मानकऱ्यांचा हुकूम होता. ज्याच्या पाकळ्या कमी, त्याला खालची झावळी. शेवटी एका घरट्यातली अंडी पाकळ्यांच्या ढिगावरून घरंगळली आणि खाली पडून फुटली.

“घर अंड्यांसाठी की मिरवण्यासाठी?” साधोबा नावाच्या नराने भर सभेत विचारलं. खरं तेच बोलले होते ते. त्यांच्याभोवती मंडळी जमली. त्यांनी पाकळ्या फेकून दिल्या, आपल्या पिवळ्या डोक्यांना काळा चिखल फासला आणि मानकऱ्यांच्या चोचींचा मार खाऊन खाऊन अखेर पाण्यापलीकडचं एक बेट गाठलं. बेट रिकामं आहे, असं त्यांनी तिथल्या टिटव्यांना सांगून टाकलं.

पहिलं वर्ष काय सुखाचं गेलं! कोरी घरटी, सुखरूप अंडी, कुणाची वरची फांदी नाही की खालची नाही. मग कुणाला तरी वाटलं, पाकळी नको तर घरट्याला लोंबकळून झोका तरी कशाला? झोका गेला, मागोमाग गाणं गेलं. रोज सकाळी साधोबा घरोघरी झडती घेऊ लागले. ज्याच्या घरी पिवळं सापडेल, त्याने बेट सोडायचं. दरवर्षी विणीच्या आधी नर निमूटपणे डोक्याला चिखल फासत, आणि बेटावर जन्मलेली पिल्लं समजत की नराचं डोकं काळंच असतं.

अशात एका सकाळी वाऱ्याबरोबर एक पिवळी पाकळी उडत आली आणि रुंजी नावाच्या मादीच्या दारात अडकली. रुंजीची पहिलीच वीण होती, तीन अंडी. पाकळी इतकी गोड दिसली की तिला राहवेना. तिने ती अंड्यांच्या उशाशी ठेवली. शेजारणीने पाहिलं आणि साधोबांच्या कानावर घातलं.

सगळी वस्ती गोळा झाली. रुंजी घरट्यासमोरच्या फांदीवर उभी होती. अंडी काही चोचीत धरून पाण्यापलीकडे नेता येत नाहीत.

“साधोबा, थोडेच दिवस थांबा हो,” ती म्हणाली. “पिल्लांना उडता येऊ दे, मग मी आपण होऊन जाते.”

“नियम म्हणजे नियम, पोरी. मी स्वतः आत जाऊन बघतो.”

घरट्याच्या तोंडाची नळी रुंजीने वाऱ्याच्या धास्तीने भलतीच घट्ट विणली होती. साधोबा डोकं घुसवून, रेटत, कण्हत आत गेले आणि तसेच रेटत बाहेर आले. चोचीत पाकळी होती. मान ताठ करून त्यांनी ती सगळ्यांना दाखवली.

पाकळीकडे कुणी बघेचना.

“अगं आई,” एक पिल्लू ओरडलं, “साधोबांच्या डोक्यावर केवढी मोठी पाकळी!”

साधोबांनी खाली पाहिलं. नळीच्या तोंडाशी सुकलेल्या चिखलाच्या खपल्या अडकल्या होत्या. चोचीतली पाकळी सुटून खाली पडली.

“तुम्हीही निघणार का आता?” रुंजीने हळूच विचारलं. “बरं झालं, मला सोबत होईल.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. साधोबांनी डोक्यावरून पंख फिरवून पाहिला. मग घसा खाकरून म्हणाले, “माझी नजर अधू झालीय. दुसऱ्या कुणीतरी आत जाऊन नीट बघा.”

त्यांचा जुना सोबती काळं डोकं घेऊन आत शिरला, पिवळं घेऊन बाहेर आला. “मला तर काही दिसलं नाही,” तो म्हणाला. मग तिसऱ्यालाही खात्री करून घ्यावीशी वाटली, चौथ्यालाही. दुपारपर्यंत फांदीभर रांग लागली. “पंख आवरा रे मेल्यांनो, अंडी आहेत आत!” रुंजी ओरडत होती आणि हसत होती. कुणीतरी गाण्याची एक ओळ धरली. पिल्लं घरट्याला लोंबकळून झोके घेऊ लागली, त्यांना कुणी हटकलं नाही.

रांगेच्या अगदी शेवटी साधोबा पुन्हा येऊन उभे राहिले होते. या खेपेला रुंजीची ती पाकळी त्यांनी येतानाच चोचीत धरून आणली होती, परत उशाशी ठेवायला.