दयाळ का गाईना

सोन्याच्या पिंजऱ्यातल्या दयाळाने नवव्या दिवशीही चोच उघडली नाही, तेव्हा करंजगडचे राजे हैबतराव भडकले.

"धाकू, रानात हा पहाटेपासून गातो म्हणालास. उद्या दरबारात गायला नाही, तर तुझी रानराखी गेली आणि रानातली झोपडीही!"

दुसऱ्या दिवशी धाकू नुसता हात जोडून बसला. शेजारी त्याची लेक सोनकी. चोपदाराची काठी वाजली तरी ती दचकत होती, पण नजर पिंजऱ्यावर होती. आत मूठभर काळापांढरा पक्षी शेपटी पाडून बसलेला. पिंजरा टांगला होता महाराजांच्या गादीशेजारी, पागोट्याच्या बरोबर चार बोटं खाली.

"महाराज, हा सगळ्यांत उंच शेंड्यावर बसूनच गातो. याला वर टांगा," ती म्हणाली.

"अगं, इथे महाराजांहून उंच कुणी नसतं," दिवाणजी म्हणाले. "मी फेटासुद्धा मोजून बांधतो."

"ऐकलंस?" महाराज म्हणाले. "पिंजरा बोटभरही वर जायचा नाही. गाणं मात्र आत्ताच हवं."

सोनकीने पिंजऱ्यावरून गादीकडे पाहिलं. "मग पिंजरा राहू दे. महाराजांनीच खाली यावं."

"खाली म्हणजे कुठे?"

"जाजमावर. आडवे झालात तर उत्तम."

महाराजांना गाण्याची भारी हौस. झाले आडवे! आता बाकीच्यांची पंचाईत झाली. दिवाणजी फेटा काढून पोटावर पडले. राजकवींनी जाजमात नाक खुपसलं. सेनापती तर जाजमाखालीच शिरू लागले.

दयाळाने मान वळवून पाहिलं. वर कुणीच नाही. त्याने शेपटी उभारली, एक लांब शीळ घातली आणि मग अशा काही मुरक्या घेतल्या की धाकूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझी स्तुती गातोय ना?" महाराजांनी विचारलं.

"स्तुतीच, महाराज," राजकवी जाजमातून म्हणाले.

"पोरी, तू सांग."

सोनकी दचकली आणि खरं बोलून गेली. "नाही, महाराज. ही जागा माझी, तू नीघ इथून, असं म्हणतोय."

"माझ्याच दरबारातून मला?"

"वर बसलेला दुसरं काय म्हणणार? काल आपणही माझ्या बाला हेच म्हणालात."

सेनापती उरलेसुरले जाजमाखाली गेले. मग महाराजांचं पोट हललं, आणि ते असे हसत सुटले की पागोटं घरंगळत दिवाणजींपाशी गेलं.

"रान धाकूचं! पिंजऱ्याचं सोनं या पोरीचं! आणि पक्ष्याला आत्ता सोडा. आता उठवा मला कुणीतरी."

कुणी हलेना. महाराजांच्या आधी उभं कोण राहणार?

शेवटी सोनकीनेच उठून हात दिला.