मागच्या दाराचं कुलूप

गाद्यांच्या कारखान्यात कापसाचे ढीग छताला टेकलेले, आणि संकटकाळी बाहेर पडायच्या मागच्या दाराला मात्र भलंमोठं कुलूप! दसऱ्याला त्या कुलपावर घातलेला झेंडूचा हार वाळून कोरडाठक्क झाला होता, तरी जागचा हलला नव्हता. मॅनेजर रणनवरे साहेबांचा हुकूमच तसा होता. दार उघडं ठेवलं की लोक चहाला पळतात, म्हणे.

सुरक्षेच्या आढाव्याची बैठक साहेबांच्या केबिनमध्ये भरली. सगळी तयारी चोख आहे, असं साहेबांनी जाहीर केलं. तेवढ्यात सुपरवायझर कुमुद लाटकर उठली.

"साहेब, आधी मागचं कुलूप काढा. आग लागली तर माणसं आत जळतील."

साहेब हसले. "किल्ली वॉचमनकडे असते ना? हाक मारली की येतो तो. एवढं काय घाबरायचं, बाई?"

कुमुद तडक बाहेर गेली, केबिनचं दार ओढून घेतलं, कडीला कुलूप ठोकलं आणि किल्ली वॉचमनच्या हातात दिली. वॉचमन नेहमीसारखा चहाला निघून गेला.

बैठक संपली. साहेब उठले, तर दार उघडेना. आधी हाका झाल्या, मग दारावर बुक्के बसू लागले. कामं टाकून सगळा कारखाना केबिनसमोर गोळा झाला.

"लाटकरबाई, उघडा! आम्ही आत अडकलोय!"

"किल्ली वॉचमनकडे आहे, साहेब. मारा की हाक," कुमुद बाहेरून म्हणाली. "अजून तर साधा धूरही नाही. एवढं काय घाबरायचं?"