तीन खाचांचा ट्रे

"मग डाग आला कुठून, ते सांगा ना!"

निवृत्ती खाडेनं ओला फोटो टेबलावर असा आपटला, की आपांच्या चहात शिंतोडे उडाले.

आपा म्हणजे कमरुन्निसा आपा. मिरजेत पडद्यातल्या बायकांचे फोटो काढण्यात त्यांचा जन्म गेला. स्टुडिओ केव्हाच बंद झाला, डार्करूम तेवढी राहिली. हातानं फोटो छापायचं खूळ ज्यांच्या डोक्यात आहे, असे आम्ही दोघं-चौघं त्यांच्याकडे शिकायला जातो. याचं नाव निवृत्ती. पण रागातून हा बाबा एक दिवस निवृत्त झालेला मी पाहिला नाही.

आपांनी चहा बाजूला सारला. चष्मा लावला.

फोटोत निवृत्तीची आई होती. सतारीचे भोपळे गच्चीवर वाळत घातलेले, आणि त्यांच्या मधोमध कमरेवर हात ठेवून ती उभी. नेमकी चेहऱ्यावर पिवळट झाक पसरली होती, कावीळ झाल्यासारखी.

"ट्रे कुठले?"

"भोसेकराचे."

"मास्तरांचे?"

"मास्तर कसला, चोर!"

हे गावाला ठाऊक होतं. निवृत्ती भोसेकरांच्या स्टुडिओत झाडू मारत मारत शिकला. आईचा हा फोटो त्यानं तिथं असतानाच काढला. भोसेकरांनी तो छापला, मागं आपला शिक्का मारला आणि बक्षीस घेऊन मोकळे झाले. पुढं आई गेली. भोसेकरही गेले. त्यांचं सामान भंगारात आलं, तेव्हा हे तीन ट्रे निवृत्तीनं उचलून आणले. उद्या सांगलीच्या प्रदर्शनात तोच फोटो लागायचा होता. या खेपेला नाव निवृत्तीचं.

"आई माझी! कॅमेऱ्याला डोळा माझा! आणि शिक्का त्याचा?" त्याचा आवाज चिरकला. "म्हटलं, त्याच्याच ट्रेत आईला काढीन. पण त्याचा एक डाग म्हणून ठेवणार नाही."

"आणि ठेवला नाहीस."

"ठेवतोय होय! सोडा घालून गरम पाण्यात भिजवले. तारेच्या घासणीनं घासले. वर पॉलिश पेपर मारला. काठावर, कोपऱ्याशी त्यानं कानशीनं खाचा पाडलेल्या होत्या, त्यासुद्धा उडवल्या. हे बघा."

त्यानं पिशवीतून तिन्ही ट्रे काढून मांडले. तिन्ही पांढरे, तिन्ही सारखे. तळाला मात्र अंगभर ओरखडे.

आपांनी काठावरून बोट फिरवलं.

"खाचा कशाला होत्या?"

"अंधारात ओळखायला. एक खाच म्हणजे डेव्हलपर, त्यात फोटो उगवतो. दोन म्हणजे नुसतं पाणी. तीन म्हणजे हायपो, त्यात तो पक्का होतो. हे काय मला विचारता?"

"मग आता कसं ओळखतोस?"

"आता ओळखायचंय काय? तिन्ही स्वच्छ आहेत!"

मला राहवलं नाही. "अरे शहाण्या, त्यातला एक ट्रे वर्षानुवर्षं हायपो प्यायलाय. त्यातच डेव्हलपर ओतलास, मग पडणारच की डाग. वरून तारेनं ओरखडे काढलेस, म्हणजे हायपोला लपायला घरं बांधून दिलीस. डेव्हलपरच्या ट्रेतले ते जुने काळे डाग होते तसेच राहिले असते, तर तुझं काय वाकडं होत होतं?"

"तू मध्ये तोंड घालू नकोस!"

"माझे ट्रे घे. आत्ता घे."

"नको! त्याच्याच ट्रेत. माझ्या नावानं."

काय हा हट्ट! एक ठेवून द्यावी असं वाटलं मला. खोटं कशाला बोलू?

आपा मात्र फोटोवर वाकल्या.

"भोसेकरानं चोरी केली," त्या म्हणाल्या. "मी त्याला भर बाजारात तोंडावर सांगितलं होतं. त्यानंतर मेला तरी त्याच्या दुकानाची पायरी चढले नाही."

हे निवृत्तीला कुणी सांगितलं नव्हतं.

पण राग कुठला जातोय! "मग मला कशाला अडवता?"

"अडवते कुठं? कागद किती उरलाय?"

"...एक."

फोटो छापायचा तो जुना कागद आता मागून मिळत नाही. एकाची आत्ताच माती झाली होती.

"चल आत."

डार्करूममध्ये लाल दिवा होता. आपांनी तिन्ही ट्रे ओट्यावर ओळीनं ठेवले. निवृत्तीनं शेवटच्या कागदाचं पाकीट छातीशी धरलं होतं.

"ते ठेव खाली. हायपोचा ट्रे माझ्या हातात दे. मग कागद उघडू."

निवृत्तीनं हात पुढं केला... आणि तो तसाच राहिला.

त्यानं एक ट्रे उलटा करून पाहिला. दुसरा दिव्याशी धरला. तिसरा हुंगला. तिन्हींना सोड्याचाच वास.

"चुकलास तर आई पुन्हा पिवळी होईल," आपा म्हणाल्या. "आणि मग कागद नाही."

"माहितीय मला! ओरडू नका!"

आपा ओरडल्या नव्हत्या. आता ओरडल्या. "मग बघत काय बसलायस? भोसेकराकडं काय डोळ्यांनी शिकलास?"

आणि त्यांनी दिवा बंद केला.

मिट्ट काळोख. ट्रेवर ट्रे आदळला. एक शिवी आली, भोसेकरांच्या नावानं. पुन्हा ट्रे आदळला. पुन्हा शिवी.

मग शिव्या थांबल्या.

ओला अंगठा प्लॅस्टिकच्या काठावरून फिरला की बारीक आवाज येतो. तो यायला लागला. हळूहळू काठानं कोपऱ्यापर्यंत जायचा, तिथं थांबायचा. परत मागं यायचा. मग दुसरा ट्रे. पुन्हा कोपऱ्यापर्यंत. मग तिसरा. आणि पुन्हा पहिला...

कितीतरी वेळ आम्ही तिघं तो आवाज ऐकत उभे होतो. मघाचा माझा सगळा राग कुठं गेला कोण जाणे, मला रडूच यायला लागलं.

"आपा..." निवृत्ती म्हणाला.

आपांनी दिवा लावला नाही.

"अंगठा कुणाला शोधतोय रे, निवृत्ती?"