मैनाआत्याचं बोलकं यंत्र

बोरखेडीच्या वाचनालयात झिपरू नावाचा एक भोळा शिपाई होता. भोळा म्हणजे किती? "दाराकडे लक्ष ठेव" म्हटलं, तर मागची भिंत पाडून कोणी कपाट नेलं तरी हा दाराकडेच बघत बसणार. नोकरी अर्थातच वशिल्याची. सरपंचांना अशीच माणसं आवडतात.

त्याची मैनाआत्या मात्र तिखट. रहस्यकथा म्हणजे तिचा जीव की प्राण. एक कादंबरी ऐन रंगात आली होती, जमीनदाराचा खून झाला होता, आणि नेमकी तेव्हाच तिची नजर गेली. खुनी कोण, ते राहूनच गेलं. वाचून दाखवायला लोक यायचे. पण शेजारीण मधली पानं गाळायची, आणि गुरुजी बसल्या बसल्या शेवटच सांगायला निघायचे. आत्यानं सगळ्यांना हाकललं. म्हणाली, "माझं मी वाचीन, नाहीतर राहू दे."

मग एका संस्थेनं वाचनालयाला बोलकं यंत्र दिलं. कॅमेऱ्याखाली पान ठेवायचं, बटण दाबायचं, की यंत्र मराठीत घडाघडा वाचून दाखवतं. संस्थेच्या बाई महिन्यानं बघायला येणार होत्या. यंत्र वापरात नसेल तर दुसऱ्या गावाला जाणार. सरपंचांनी यंत्राला हार घातला, फोटो काढून घेतला आणि आत्याच्या कानाशी ओरडले, "आता वाचा हं, आत्या!" डोळे गेले की कानही जातात असं या लोकांना कोण सांगतं, देव जाणे. वर वाचनालयाच्या समितीनं ठराव केला, की यंत्राला हात फक्त शिपायानं लावायचा. जिला वाचायचंय तिनं लांब बसायचं.

झिपरूनं पुस्तक ठेवलं, बटण दाबलं. यंत्रानं कादंबरीचं नाव वाचलं. परत दाबलं. परत नाव.

"मेल्या, पुस्तक मिटलेलं आहे का?"

"हो, आत्या."

"अरे, उघडल्याशिवाय आतलं कसं कळणार? आधी उघडायचं!"

"बरं, आत्या."

दुसऱ्या दिवशी यंत्र बोलेना. वीज गेली होती, दुसरं काही नाही. पण झिपरूला धडा आठवला. त्यानं पेचकस आणला आणि यंत्र उघडलं. रेडिओवाल्या हुसेनभाईनं ते कसंबसं जोडून दिलं.

"यंत्र उघडायचं नाही रे बाबा! झाकून ठेवायचं, धूळ बसते."

"बरं, आत्या."

आत्या वाचायला बसली तरी यंत्रावर चादर तशीच. यंत्र म्हणालं, "कागद दिसत नाही."

"अरे गाढवा, अंधारात कसं दिसेल? बघायला उजेड लागतो!"

"बरं, आत्या."

सकाळी आत्याला तोंडावर चटका जाणवला. झिपरू मोठ्ठा दिवा तिच्या डोळ्यांसमोर धरून उभा. "दिसतंय का, आत्या? एवढंच होतं तर आधी नाही का सांगायचं?"

आत्यानं कपाळावर हात मारला. "माझे डोळे गेले रे! आता हे यंत्र म्हणजेच माझे डोळे. त्यांना जप."

"बरं, आत्या."

मग बरेच दिवस सुखाचे गेले. पान ठेवलं, बटण दाबलं, पान उलटलं. आत्या शेवटच्या प्रकरणाशी आली. तिच्या डोळ्यांची आग व्हायची, म्हणून डॉक्टरांनी थेंब दिले होते. सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत टाकायचे. झिपरूनं इमानेइतबारे टाकले. कॅमेऱ्यात.

यंत्र मुकं झालं. आत्या या वेळी ओरडली नाही, रडली. "एकच प्रकरण उरलं होतं रे!" ते बघून झिपरूही रडला. हुसेनभाईनं कॅमेरा पुसून सुकवला. यंत्राला वाचा फुटली ती थेट संस्थेच्या बाई यायच्या दिवशी.

आत्यानं बजावलं, "आता मला विचारल्याशिवाय काही करायचं नाही!"

"बरं, आत्या."

बाई जीपमधून उतरल्या. सरपंच फोटोवाल्यासकट हजर. आत्या पुढ्यात बसलेली असताना म्हणाले, "झिपरू, आत्यांना चहा चालतो का विचार."

"चालतो," आत्या म्हणाली. "आणि मला तोंड आहे."

यंत्र वाचू लागलं, "इन्स्पेक्टरांनी सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावले." खट्! झिपरूनं बटण बंद केलं.

"आत्या, पुढचं वाक्य वाचू देऊ?"

"दे."

"ते म्हणाले, खुनी याच खोलीत आहे." खट्!

"आत्या, पुढचं?"

सरपंचांना घाम फुटला. आत्या दातओठ खात म्हणाली, "दर वाक्याला विचारू नकोस! काही महत्त्वाचं असेल तेवढंच आधी विचार!"

"बरं, आत्या."

झिपरू चौथी पास होता. तो पुस्तकावर वाकला. ओळींवरून बोट फिरवत पान वाचलं, उलटलं, पुढचं वाचलं. मग त्याचा चेहरा उजळला.

"आत्या, महत्त्वाचं सापडलं. खून धाकट्या सुनेनं केला, दुधात विष कालवून, असं लिहिलंय. वाचू देऊ?"

फोटोवाल्यानं नेमका तेव्हाच फोटो काढला.

शेवटी बाईंनी घाबरत घाबरत विचारलं, "आजी, यंत्र ठेवायचं, की परत नेऊ?"

"यंत्र राहू द्या. बटण माझं मी दाबीन," आत्या म्हणाली. "याला न्या."

"बरं, आत्या," झिपरू म्हणाला, आणि जीपमध्ये जाऊन बसला.