खो मिळाल्याशिवाय

एका गावात एक हायस्कूल होतं आणि त्या हायस्कुलात कासुर्डे नावाचे खेळाचे सर होते. गणिताचे सर वर्गात शिरले की पोरं गप्प व्हायची. कासुर्डे सर मैदानात आले की पोरं जागी व्हायची. खो-खो शिकवावा तो त्यांनीच. मुलींना रांगेत बसवून ते एकच गोष्ट घोकून घ्यायचे, "हात पाठीला, शब्द कानाला, मग पाय. मागं कितीही आरडाओरडा होऊ दे, खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही."

त्यांच्या हाताखालून गेलेल्या किती मुली पोलिसात लागल्या, किती जणी राज्याकडून खेळल्या, हे गावाला ठाऊक होतं. पण गॅदरिंगला सत्कार व्हायचा तो दहावीच्या निकालवाल्या सरांचा. कासुर्डे सर खुर्च्या मांडायचे, सतरंज्या झटकायचे आणि टाळ्या संपल्या की त्याच सतरंज्या गुंडाळून ठेवायचे.

यंदा ते निवृत्त होणार होते. एका संध्याकाळी संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब मैदानाच्या कडेला गाडी थांबवून म्हणाले, "मास्तर, जिल्ह्याची शील्ड आणा. स्टेजवर हार घालून सत्कार करतो, मैदानाला तुमचं नाव देतो. नाही आली, तर निरोपाचा चहा आहेच."

सरांनी घरी सांगितलं तशी त्यांची बायको शालन हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आली. भिंती पातळ, त्यामुळे सगळ्या आळीला ऐकू गेलं. "एवढी शील्ड आणाच हो! फोटोला हार कुणीपण घालतं. मला तुमच्या जित्या गळ्यात बघायचाय."

"हाराचं काय एवढं," असं म्हणून सर हसले खरे. पण दुसऱ्याच दिवशी ते शिंप्याकडे नव्या शर्टाचं माप द्यायला गेले. आता आळीपासून काय लपतं?

शेवटचा सामना गावातच झाला. मैदानाच्या भिंतीवर, झाडांवर, ट्रॅक्टरवर माणसंच माणसं. भाऊसाहेब पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी ताटात झेंडूचा हार. पंच होता हणमंत. तोही सरांचाच जुना विद्यार्थी. त्याच्या गळ्यातली शिट्टीसुद्धा सरांनीच दिलेली.

शेवटचा डाव संपत आला. गुण बरोबरीत. समोरची एकच मुलगी बाद झाली की शील्ड आपली! पण ती पोरगी म्हणजे नुसता पारा, हाताला लागेल तर शपथ. सरांच्या नव्या शर्टाची कॉलर मानेला टोचत होती.

पळणारी हुलकावणी देत कप्तान कावेरीच्या अगदी समोर आली. कावेरी रांगेत दबा धरून बसलेली. मागून तिची जोडीदारीण खो द्यायला हात लांबवत धावली. आणि कावेरी उठली. झेप घेऊन तिनं पळणारीला खांद्याला धरलं.

हणमंतची शिट्टी वाजली. बाद!

हलगी कडाडली, टोप्या उडाल्या. शालननं पदरानं डोळे पुसले. भाऊसाहेबांनी हार उचलून हातात घेतला.

सरांनी मात्र पाहिलं होतं. हात पाठीला लागला नव्हता. शब्दही नंतर आला. कावेरी आधीच उठली होती.

दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. समोरचे सर आपल्या रडणाऱ्या मुलींना समजावत होते. हणमंत सरांकडे बघेना, बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला. तेवढ्यावरून सर काय ते समजले. त्यालाही दिसलं होतं.

सरांचं मन म्हणालं, गप्प बस. जन्मभर खुर्च्या मांडल्यास, एकदा बस की त्यांच्यावर. समोर शालन हसत होती. तिला एवढं खुललेलं त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. पाय जागचे हलेनात. आणि मग हलले.

"हणमंता," मैदानात जाऊन ते म्हणाले, "कावेरीला खो मिळाला होता?"

"सर, मी बाद दिलाय."

"बाद नाही विचारलं मी. खो विचारला."

हणमंतनं आवाज खाली आणला. "सर, आजच्या दिवस राहू द्या की. तुमच्यासाठीच..."

"माझ्यासाठी वाजवायला दिली होती का रे शिट्टी?"

हलगी थांबली. काहीतरी बिनसलंय हे गर्दीला कळलं. सरांनी कावेरीकडे वळून विचारलं, "उठलीस कधी?"

कावेरीनं शील्डकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं. ओठ चावला. "आधी, सर."

हणमंतनं मान खाली घालून पुन्हा शिट्टी फुंकली. फाऊल. बाद रद्द. तोवर वेळ संपलेली, सामना बरोबरीत सुटला. मग जादा डाव खेळवला आणि त्यात कासुर्डे सरांच्या मुली एका गुणानं हरल्या.

भाऊसाहेबांनी हार ताटात टाकला. "मास्तर, वाढलेलं ताट लाथाडलंत. आता प्या चहा!"

त्या दिवशी शालननं भाकऱ्या थापल्या, तेवढाच आवाज आळीला आला. तो मात्र जरा जोरात आला.

महिनाअखेरीला शाळेच्या अंगणात निरोपाचा चहा झाला. खुर्च्या सरांनीच मांडल्या, सवयच ती, आणि स्वतः शेवटच्या रांगेत बसले. हणमंत आला, जुन्या मुली लेकरं कडेवर घेऊन आल्या. माणसं मावेनात. एवढी गर्दी बघून भाऊसाहेब चपापले. त्यांनी घाईघाईनं एक हार मागवला आणि मोठ्या बाईंनी माईकवर पुकारलं, "कासुर्डे सरांनी कृपया व्यासपीठावर यावं."

सर उठले नाहीत.

बाईंनी पुन्हा पुकारलं. माना वळल्या. भाऊसाहेबांच्या कपाळावर आठी चढली. शालननं पदर तोंडात धरला.

"बाई, चहा पुरे," बसल्या जागेवरून सर म्हणाले. "बोली शील्डची होती. शील्ड आली नाही. खो मिळाल्याशिवाय मी कसा उठू?"

आता भाऊसाहेब उठून जातात की काय, असं वाटलं. बाईंच्या हातातला माईक नुसताच खरखरत राहिला.

तेवढ्यात मागून धावत्या पावलांचा आवाज आला. सरांच्या पाठीवर एक तळवा पडला. आधी हात, मग कानाशी खणखणीत शब्द.

"खो!"

सरांचे पाय मनाच्या आधी उठले. इतक्या वर्षांची हाडात मुरलेली सवय. वळून पाहतात तो नियमाप्रमाणे त्यांच्या जागेवर कावेरी बसलेली, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतेय.

"आता मागं नाही फिरायचं, सर," ती म्हणाली. "फाऊल होईल."

सगळं अंगण उभं राहिलं. सर सरळ चालत व्यासपीठावर गेले. भाऊसाहेबांनी हार पुढं केला, मग काय वाटलं कोण जाणे, शालनला वर बोलावून तो त्यांनी तिच्या हातात दिला.

तिनं तो सरांच्या गळ्यात घातला आणि शर्टाची टोचणारी कॉलर नीट केली. म्हणाली, "बघितला हो, बघितला."

मैदानाला नावाची पाटी अजून लागलेली नाही. पण त्या गावात कुणालाही विचारा, कासुर्डे सरांचं मैदान कुठं म्हणून. लहान पोरसुद्धा बोट दाखवील.

तात्पर्य: खरा मान मागून मिळत नाही, खो-खोतल्या खोसारखा तो मागून येतो. तोवर आपल्या जागी नेकीनं बसून राहावं, आणि ज्यांनी आपल्याला उठायला शिकवलं त्यांच्या पाठीवर वेळेत हात ठेवावा.