पुळणीवरची पावलं

“आणि ती पावलं सुरू कुठून होतात?” अब्बास मिस्त्रींनी विचारलं.

सतेज शेट्ये म्हणाला, त्याचा इथे काय संबंध.

मिस्त्रींनी पुन्हा विचारलं नाही. हातातला एअर फिल्टर त्यांनी फळीवर हलकेच आपटला. चिमूटभर वाळू पडली. ती बोटाने गोळा करून त्यांनी दाराबाहेर टाकली.

मिस्त्री सत्तरीचे. तांबळवाडीच्या बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. इंजिनावर हात ठेवून, डोळे मिटून ते बराच वेळ उभे राहायचे, आणि मग नेमका तोच नट सैल करायचे. लोक त्यांच्याकडे इंजिनाखेरीज दुसरी दुखणीही घेऊन यायचे. त्यावर ते बहुधा काहीच बोलत नसत. तरी माणसं परत येत.

सतेज तालुक्याच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचा. चौतीस वर्षांचा, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे कधीही न विसरणारा. घरामागच्या पडवीत तीन वर्षं खपून त्याने वाळूवर पळणारी बग्गी बांधली होती. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, दोन सीट, दार नाही, छप्पर नाही. मागे रुंद, खाचांची चाकं. एका मोडीत निघालेल्या मोटारीचं इंजिन, आणि त्याला भंगारातून शोधून आणलेला, इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो.

ॲक्सिलरेटर दाबला की आधी क्षणभर काहीच होत नसे. मग कुठून तरी बारीक शिट्टी सुरू होई, चढत जाई, आणि पाठीत कुणी तरी ढकलावं तशी गाडी सुटे.

त्या शिट्टीचं त्याला वेड होतं.

गेलं वर्षभर तो मिस्त्रींकडे शिकायला येत होता. दर फेरीनंतर गाडी गोड्या पाण्याने धुवायची, नाही तर खार लोखंड खातो. फिल्टर रोज झटकायचा. चाकांच्या बेअरिंगचं ग्रीस हाताला कुरकुरीत लागलं, तर वाळू आत शिरली आहे असं समजायचं आणि सगळं काढून नव्याने भरायचं. हे सगळं तो नीट करायचा.

एकच गोष्ट त्याला जमत नव्हती.

जोरात पळवून आणलेल्या गाडीचं इंजिन लगेच बंद करायचं नाही, असं मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गाडी थांबली तरी टर्बोचं चाक आत फिरतच असतं. इंजिन बंद केलं की त्याचं तेल तुटतं, आणि ते कोरडं जळतं. दोन मिनिटं नुसतं थांबायचं. सतेजला हे मिस्त्रींपेक्षा जास्त ठाऊक होतं. ते चाक मिनिटाला किती हजार फेरे घेतं, तेल किती तापमानाला जळतं, हे त्याने त्यांनाच आकड्यांनिशी समजावून दिलं होतं. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं होतं आणि “बरोबर,” एवढंच म्हटलं होतं.

त्यानंतर सतेजने दोन टर्बो जाळले होते.

आज मात्र तो दुरुस्तीसाठी आला नव्हता.

पावसाळा संपल्यावर त्याने दोन वर्षांत पहिल्यांदा तांबळवाडीच्या पुळणीवर बग्गी काढली. एवढे दिवस तो खाडीपलीकडे खारशेतच्या किनाऱ्यावर चालवायचा. पण तांबळवाडीची पुळण लांब, सपाट, ओहोटीला फरशीसारखी घट्ट. पहिल्या दिवशी टोकाला जाऊन त्याने गाडी वळवली आणि पाहिलं, तर त्याच्या चाकांच्या दोन रेघांशेजारी अनवाणी पावलं उमटलेली. वाटलं, कुणी कोळी असेल.

दुसऱ्या दिवशी पुळणीवर चिटपाखरू नव्हतं. पावलं होती.

तिसऱ्या दिवशी त्याने काटा नव्वदपर्यंत नेला. थांबून मागे वळला. पावलं त्याच्या रेघांना धरून, पार गाडीपासून दोन हातांपर्यंत आली होती. धावणाऱ्या माणसाची असतात तशी लांब लांब नव्हेत. सावकाश चालत आल्यासारखी. एक, मग एक.

काल त्याने घाईघाईने किल्ली फिरवली. इंजिन गप्प झालं. शिट्टी विरत विरत गेली. आणि त्या शांततेत मागची ओली वाळू दबल्याचा आवाज आला…

एकदा. मग पुन्हा.

हे सगळं सांगून झाल्यावर सतेजने आपलं मागणं मांडलं. टर्बोचा दाब वाढवून हवा होता. स्प्रिंग बदलली तर काटा सव्वाशेच्या पुढे जाईल, असं त्याचं गणित होतं. रात्रभर बसून त्याने ते केलं होतं. कागद खिशात होता.

“वाढवला, तर काय होईल?”

“मागे पडेल तो.”

“चालतोय ना तो?”

“हो.”

“मग मागे कसा पडेल?” मिस्त्री म्हणाले.

मिस्त्रींनी फिल्टर जागेवर बसवला, पट्टी आवळली, हात पुसले. खुंटीवरची टोपी घेतली आणि बग्गीत डाव्या बाजूला जाऊन बसले.

चार वाजले होते. ओहोटी पुरती लागली होती. समुद्रावर पांढुरकं धुकं होतं, आणि पाणी इतकं लांब गेलं होतं की लाटांचा आवाजही येत नव्हता. सुरूच्या बनाच्या कडेला कोळ्यांचे जाळी वाळवायचे खांब उभे होते. जाळी एकावरही नव्हती. या बाजूला हल्ली कोणी येत नाही, हे सतेजच्या त्या क्षणी लक्षात आलं.

“चालव,” मिस्त्री म्हणाले.

त्याने चालवली. आधी जपून, मग सवयीने. शिट्टी चढली. वारा तोंडावर वाळू मारू लागला. नव्वद. पंच्याण्णव. मिस्त्री कशालाही न धरता बसले होते, होडीत बसावं तसे. सतेजला भीतीचा विसर पडला. हे सुख त्याने स्वतःच्या हातांनी उभं केलं होतं, आणि ते दर वेळी तेवढंच नवं वाटायचं.

खाडीच्या मुखाशी मिस्त्रींनी त्याच्या मनगटावर बोट ठेवलं.

गाडी थांबली. सतेजचा हात आपसूक किल्लीकडे गेला. तिथे मिस्त्रींचा तळवा आधीच होता.

“बंद करू नकोस.”

इंजिन गुरगुरत राहिलं. एक मिनिट गेलं. दोन गेली. सतेज म्हणाला की टर्बो थंड झाला असेल आता. मिस्त्री मागे पाहत होते.

“तू पोचलास,” ते म्हणाले. “थांब जरा.”

सतेजनेही मागे पाहिलं. दोन रेघा सरळ धुक्यात गेल्या होत्या. बाजूला काही नव्हतं. कोरी वाळू.

मग धुक्यातून पहिला ठसा आला.

कोणी नव्हतं. नुसती वाळू दबली, आणि त्या खळग्यात पाणी भरलं. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. घाई नव्हती. एखादा दमलेला माणूस घराकडे येतो त्या चालीने ते ठसे येत होते. सतेजचा पाय ॲक्सिलरेटरवर होता. मिस्त्रींनी त्या पायाकडे पाहिलं, आणि त्याने तो उचलून घेतला.

ठसे गाडीपासून दोन हातांवर येऊन थांबले.

मिस्त्री उतरले. शेवटच्या ठशाशेजारी उकिडवे बसले. एखादा घासलेला सुटा भाग निरखावा तसं त्यांनी ते पाऊल निरखलं.

“डाव्या पायाचा अंगठा बाहेर वळलाय,” ते म्हणाले. “उजवा पाय खोल जातो. खांद्यावर ओझं आहे.”

सतेजने समुद्राकडे तोंड फिरवलं.

“सुरू कुठून होतात, सतेज?”

इंजिन गुरगुरत होतं.

“बनापासून,” सतेज म्हणाला. “मी त्याला जिथे उभं केलं होतं, तिथून.”

मग त्याने सांगितलं. थांबत थांबत, वाळूकडे बघत.

बग्गी त्याने एकट्याने बांधली नव्हती. सांगाड्याचा प्रत्येक सांधा रघुवीर भाटकरने जोडला होता. तांबळवाडीत फाटकं आणि ग्रिल बनवणारा वेल्डर. दिवसभराचं काम आटोपून तो पडवीत यायचा आणि बोलण्यापेक्षा हसायचा जास्त. दोन वर्षांपूर्वी, मार्गशीर्षात, गाडी पहिल्यांदा पुळणीवर आणली. ठरलं होतं की सतेजने एकट्याने वळणापर्यंत नेऊन आणायची, सगळं ठीक दिसलं की रघुवीरने चालवायची. रघुवीर हत्यारांची पिशवी घेऊन बनाशी उभा राहिला.

वळणाशी शिट्टी लागली, आणि सतेज वळलाच नाही. ओहोटीची कोरडी खाडी ओलांडून तो खारशेतला गेला. तिथे लोक जमले. त्यांनी फोटो काढले, चहा पाजला. टर्बो कसा चालतो हे तो त्यांना तासभर समजावून सांगत बसला. भरती लागली तेव्हा तो रस्त्याने घरी आला.

रघुवीरने वाट पाहिली. गाडी कुठे तरी बंद पडली असणार, असं त्याला वाटलं. पिशवी खांद्यावर टाकून तो रेघांमागे चालत निघाला.

खाडीच्या मुखाशी पाणी चढत होतं. तो दोन दिवसांनी सापडला. पिशवी सापडलीच नाही.

“आणि तू काय सांगितलंस?” मिस्त्रींनी विचारलं.

पोलिसांना आणि रघुवीरच्या आईला, इंदूकाकींना, त्याने सांगितलं होतं की मी रस्त्याने येणार, तू घरी जा, असं मी त्याला बजावलं होतं. तो पाण्यात का गेला, ठाऊक नाही. इंदूकाकी तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, माझा मुलगा कुणाचं ऐकत नाही असं कधी झालं नव्हतं. त्या दिवसापासून त्या स्वतःच्या मुलावर रागावून बसल्या होत्या. सतेजला ते माहीत होतं. आठवडाभर माहीत होतं, महिनाभर माहीत होतं, दोन वर्षं माहीत होतं.

सांगून झालं. सतेजला वाटलं, आता मिस्त्री काही बोलतील. रागावतील तरी.

मिस्त्रींनी फक्त शेवटच्या ठशाच्या दिशेने मान किंचित लववली, दारात आलेल्याला ‘ये’ म्हणावं तशी.

“उतर,” ते सतेजला म्हणाले.

तो उतरला. किल्ली काढायला वाकला, तर मिस्त्री म्हणाले, राहू दे. इंजिनही राहू दे. चपला काढ.

ओली वाळू तळव्यांना बर्फासारखी लागली. मिस्त्री चालू लागले, आल्या वाटेने, बनाच्या दिशेने. सतेज त्यांच्या मागे निघाला, आणि चार पावलांवर त्याला कळलं की ते कुठे चालले आहेत. बनापलीकडे भाटकरांचं घर होतं. या वेळी इंदूकाकी अंगणात बसलेल्या असायच्या.

“चाचा… मी काय सांगू त्यांना?”

“मला सांगितलंस, ते.”

“त्या मला घरात घेणार नाहीत.”

“अंगणात सांग.”

सतेज चालत राहिला. गाडीने ही वाट दीड मिनिटाची होती. पायी ती संपतच नव्हती. ठशांच्या रांगेशेजारून, उलट दिशेने, तो चालत होता. प्रत्येक ठसा त्याच्या पावलाच्या बाजूने मागे जात होता. डाव्याचा अंगठा बाहेर. उजवा खोल. आपण एकदाही इतकं चाललो असतो तर, असं काहीसं त्याच्या मनात आलं, आणि पुढे त्याला विचार करवला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते त्याने पुसलं नाही.

मागे इंजिनाची गुरगुर हळूहळू लांब गेली.

मग लोखंडावर लोखंड वाजलं. पाने-पक्कड भरलेली जड पिशवी कुणी तरी खांद्यावरून उतरवून ठेवावी, तसं.

सतेज जागच्या जागी थिजला. मिस्त्री चालतच होते, म्हणून तोही चालू लागला.

गिअर पडल्याचा आवाज आला. थोडा अडखळत, दुसऱ्या प्रयत्नात. चाकांखाली वाळू कुरकुरली. ती गुरगुर आता लांब जात नव्हती. त्यांच्या चालीने, तेवढंच अंतर राखून, मागून येत होती. मध्येच ती किंचित चढली, आणि बारीक शिट्टी वाजली. अगदी बारीक, कुणी तरी भीत भीत वाजवून पाहावी तशी. लगेच थांबली. थोड्या वेळाने पुन्हा वाजली.

सतेजची मान वळू लागली.

मिस्त्रींनी त्याचा दंड धरला.

“पुढे बघून चाल,” ते म्हणाले. “गाडी पहिल्यांदाच हाताला लागलीय त्याच्या.”