यकृतावरचे ठिपके

“गाठ निघत होती, मॅडम. पोट का शिवलंत?”

ऑपरेशन थिएटरबाहेर हातमोजे काढता काढता अभिनंदन शिरगुप्पेनं विचारलं. यकृत, स्वादुपिंड, पित्तनलिका... याच शस्त्रक्रिया दोन वर्षं परदेशात शिकून तो मिरजेला डॉ. इंदुमती केळुसकरांच्या हाताखाली आला होता. आपला हात चांगला आहे, हे त्याला ठाऊक होतं. इतरांनाही तो ते विसरू देत नसे.

आत टेबलावर बाबासो नलवडे होते. एसटीचे ड्रायव्हर. महिनाभर डोळे हळदीसारखे पिवळे, आणि अंगाला खाज अशी की डोळ्याला डोळा लागत नाही. स्कॅनमध्ये स्वादुपिंडाला गाठ दिसली होती. काढता येईल, असं सगळ्यांनाच वाटलं होतं. पोट उघडलं, तर यकृतावर ज्वारीच्या कण्यांएवढे पांढरे ठिपके. एक तुकडा तपासायला पाठवला. अर्ध्या तासानं उत्तर आलं... कॅन्सर पसरला होता.

केळुसकरबाईंनी गाठ तशीच ठेवली. पित्तनलिका आतड्याला जोडून गाठीनं अडलेल्या पित्ताला वाट करून दिली आणि पोट बंद केलं.

“यकृतावरचे ठिपके कुठवर काढत बसणार?” त्या म्हणाल्या.

अभिनंदनला हे पटलं मात्र नव्हतं.

“उद्या ते नीट शुद्धीवर आले की त्यांना तू सांग.”

दुसऱ्या दिवशी तो गेला. काय बोलायचं ते मनात जुळवूनच गेला होता. पण नलवड्यांनीच आधी विचारलं.

“काढली न्हवं?”

उशाशी त्यांची बायको उभी होती. अभिनंदननं पोटातून बाहेर आणलेल्या नळीकडे बघितलं, पिशवीत किती पाणी साठलंय ते बघितलं...

“काढली,” तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई वॉर्डात आल्या. नलवड्यांच्या बायकोनं हसून सांगितलं, की डेपोत फोन करून झालाय. दोन महिन्यांनी हे कामावर येतात, कोल्हापूरची गाडी दुसऱ्या कुणाला देऊ नका म्हणून.

बाईंनी अभिनंदनकडे बघितलं. तो खाली बघत होता.

त्यांनी स्टूल ओढलं. नलवड्यांचा हात हातात घेतला. गाठ काढलेली नाही, ती यकृतात पसरली आहे, काढून उपयोग नव्हता... सगळं सांगितलं. सावकाश, एकही शब्द न गाळता.

नलवड्यांनी आधी बायकोकडे बघितलं. मग बाईंना विचारलं,

“किती दिवस?”

“महिने. पण थोडे.”

“आन् ही खाज?”

“ती जाईल. तेवढं नक्की.”

त्यांनी मान हलवली. हात मात्र सोडला नाही. बाईही उठल्या नाहीत. पुढचे पेशंट तासभर थांबले.

नंतर बाई बेसिनपाशी हात धूत असताना अभिनंदन शेजारी येऊन उभा राहिला.

“थिएटरमध्ये माझा हात कधी थरथरला नाही, मॅडम. आणि तिथं... मला एवढं एक वाक्य बोलता आलं नाही.”

बाईंनी नळ बंद केला.

“पोट उघडतो ना आपण,” त्या म्हणाल्या, “तेव्हा माणूस झोपलेला असतो.”